मुक्या कळा आणि उलटा पडदा : लिनक्सच्या तीन निदान-साधनांचे परीक्षण

गेल्या वर्षी मी बिजागरीवर पूर्ण मागे दुमडणारा, तेरा इंची, वापरलेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर डेबियन १२ ही लिनक्स-प्रणाली बसवली. वायफाय, ध्वनी, कॅमेरा हे सारे पहिल्याच दिवशी चालू झाले. तीन गोष्टी मात्र अडल्या. टचपॅडचे चित्र असलेली कळ दाबली तरी काहीच घडत नसे, यंत्र दुमडून टॅब्लेटसारखे हातात धरले की पडदा नेमका उलटा होई आणि दर चार-पाच वेळांतून एकदा यंत्र सुरू झाल्यावर अंगचा कीबोर्ड व टचपॅड दोन्ही मेल्यासारखे पडून राहत. ज्या दुकानातून यंत्र घेतले, तेथे ‘लिनक्स टाकल्यावर हे होणारच, विंडोज परत टाकून देतो’ असे उत्तर मिळाले. दुकानाचे आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण हे परीक्षण त्यांचे नाही. या तीन तक्रारी निस्तरताना जी साधने हाताशी आली, म्हणजे ईव्हटेस्ट, यूडेव्ह या उपकरणे ओळखणाऱ्या व्यवस्थेची हार्डवेअर-नोंदवही अर्थात एचडब्ल्यूडीबी आणि आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी, त्यांचे हे परीक्षण आहे. तिन्ही मोफत आहेत, तिन्ही मुक्त आहेत आणि तिन्ही आपला वेळ मात्र पुरेपूर वसूल करतात.

साधनांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण ती न कळल्यामुळेच माझे पहिले दोन शनिवार वाया गेले. कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत संकेत अनेक मजले चढतो. मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलर (कीबोर्ड वगैरे सांभाळणारी छोटी चिप) कळ ओळखतो. तो एक तर जुन्या पीएस-टू कीबोर्डच्या वाटेने स्कॅनकोड, म्हणजे कळीचा कच्चा आकडा, पाठवतो किंवा एसीपीआय अथवा डब्ल्यूएमआयच्या वाटेने फर्मवेअरकरवी (यंत्रात मुळातच असलेल्या प्रोग्रामकरवी) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सूचना देतो. कर्नलचा ड्रायव्हर त्या आकड्याला कळीचे नाव देतो, लिबइनपुट ही इनपुट हाताळणारी लायब्ररी ते नाव उचलते आणि शेवटी ग्नोम किंवा केडीई हा डेस्कटॉप त्यावर कृती करतो. संकेत कोणत्या मजल्यावर अडला आहे हे ठाऊक नसताना डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट जोडत बसणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी नेमके तेच केले होते. शिवाय एफएन ही कळ बहुतेक यंत्रांत एम्बेडेड कंट्रोलर स्वतःपाशीच ठेवून घेतो; ती एकटी दाबून कर्नलपर्यंत काही पोहोचेल अशी अपेक्षा धरू नये.

ईव्हटेस्ट हे या तिघांतील सर्वांत जुने आणि सर्वांत साधे साधन. ते मूळचे वोयटेख पावलिक यांचे. लिनक्सची इनपुट-व्यवस्थाही प्रामुख्याने त्यांनीच उभी केली, त्यामुळे घर बांधणाऱ्यानेच तपासणीची खिडकी ठेवावी तसे हे झाले आहे. चालवले की ते यंत्रावरील सर्व इनपुट-उपकरणांची यादी समोर ठेवते आणि आपण एक निवडले की त्या उपकरणातून येणारा प्रत्येक संकेत ओळीने छापू लागते. ही यादीसुद्धा बोधप्रद असते. कीबोर्ड एक असेल असे आपण धरून चालतो, पण माझ्या यादीत अंगचा कीबोर्ड, पॉवर बटण, झाकणाचा स्विच, ‘व्हिडिओ बस’, इंटेलचा आभासी बटणांचा ड्रायव्हर अशी डझनभर नावे निघाली. पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा अनेक यंत्रांत कीबोर्डमधून येतच नाहीत, त्या या ‘व्हिडिओ बस’मधून येतात. म्हणून कीबोर्डवर पाहून काही दिसले नाही, एवढ्यावरून ‘कळ मुकी आहे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. एकेक उपकरण निवडून तीच कळ पुन्हा दाबून पाहावी लागते.

ईव्हटेस्टच्या ओळी वाचायला शिकणे हेच या कामातले खरे शिक्षण आहे. ओळखीची कळ दाबली की दोन ओळी येतात : एकीत स्कॅनकोड असतो आणि दुसरीत कर्नलने त्याला दिलेले नाव. कॅप्स लॉक दाबल्यास स्कॅनकोड ३ए आणि कळ क्रमांक ५८ असे दिसते. माझी टचपॅडची कळ दाबल्यावर पहिली ओळ आली, स्कॅनकोड एफ८. दुसरी आलीच नाही. म्हणजे कळ मुकी नव्हती, तिला नाव नव्हते. एवढे एक वाक्य कळण्यासाठी दोन शनिवार. काही ड्रायव्हर अशा कळीला २४० हा क्रमांक देतात, ज्याचा अर्थच ‘अज्ञात’ असा आहे. तेही निदान म्हणून तितकेच मोलाचे.

या साधनाची मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट ही की ते काहीही बदलत नाही. ते फक्त ऐकते. त्यामुळे नवख्या माणसानेही ते निर्धास्त चालवावे. मात्र ते रूट-अधिकाराने, म्हणजे प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने, चालते आणि दाबलेली प्रत्येक कळ छापते, तेव्हा ते चालू असताना पासवर्ड टाइप करू नये आणि त्याची नोंद कोणाला पाठवण्यापूर्वी ती एकदा नजरेखालून घालावी. उपकरणावर दुसऱ्या प्रोग्रामने पूर्ण ताबा घेतला असेल तर ईव्हटेस्ट तसा इशारा देते, हाही एक सुखद अनुभव. उणीव म्हणाल तर एकच : कर्नलपर्यंत न पोहोचलेल्या संकेताबद्दल ते अर्थातच काही सांगू शकत नाही. त्यासाठी कर्नलची नोंद (लॉग) उघडावी लागते.

त्या नोंदीत माझ्या कळीबद्दल दोन ओळी आधीपासूनच पडून होत्या. पीएस-टू कीबोर्डचा ड्रायव्हर अनोळखी कळ दाबली गेल्याचे कळवतो आणि लगेच पुढच्या ओळीत ‘सेटकीकोड्स’ ही आज्ञा कोणत्या आकड्यासह चालवावी हेही सांगतो. येथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण पहिल्या ओळीत एफ८ असते आणि दुसरीत ई०७८. दोन्ही एकच आहेत : षोडशमान (सोळाच्या आधाराने मोजण्याच्या) पद्धतीत एफ८मधून ८० वजा केले की ७८ उरतात आणि ती वजाबाकी ‘ई०’ या उपसर्गाने दाखवली जाते. सेटकीकोड्सने कळ ताबडतोब जिवंत होते, पण यंत्र बंद करून चालू केले की केलेले सारे पुसले जाते. प्रयोगापुरते ते उत्तम. कायमच्या इलाजासाठी एचडब्ल्यूडीबीकडे जावे लागते.

एचडब्ल्यूडीबीबद्दल माझे मत दुभंगलेले आहे. कल्पना अत्यंत सुंदर आहे. कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलवर कोणत्या स्कॅनकोडला कोणते नाव द्यायचे, याची एक साधी मजकुरी नोंदवही. ती संगणकाच्या फर्मवेअरमधील ओळखीशी जुळवून पाहिली जाते आणि जुळली तर नाव लागू होते. प्रोग्राम लिहावा लागत नाही, कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. जगभरच्या लॅपटॉपांच्या नोंदी तिच्यात आधीच आहेत आणि आपण तयार केलेली नोंद प्रकल्पाकडे पाठवली तर पुढच्या आवृत्तीत तेच मॉडेल वापरणाऱ्या अनोळखी माणसाची कळ आपोआप चालू होते. यूएसबी कीबोर्डलाही हेच लागू पडते, फक्त तेथे आकडे मोठे असतात. यूएसबीवरील कॅप्स लॉकचा स्कॅनकोड ७००३९ असा दिसतो.

अंमलबजावणी मात्र कडक सोवळ्याची आहे. यंत्राची ओळख सांगणारी ओळ अगदी डाव्या कडेपासून सुरू झाली पाहिजे, तिच्याखालची कळीची ओळ एका रिकाम्या जागेने सुरू झाली पाहिजे आणि दोहोंच्या मध्ये कोरी ओळ येता कामा नये. हे नियम मोडले तर नोंदवही तयार करणारी आज्ञा निदान कुरकुर तरी करते. पण नुसत्या कुरकुरीवर न थांबता तिने अपयश कळवावे असे वाटत असेल तर तिला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय द्यावा लागतो. खरा छळ वेगळ्याच ठिकाणी आहे. मी मॉडेलचे नाव यंत्राच्या पोटावर छापले आहे तसे, मधल्या रिकाम्या जागेसह लिहिले होते. कर्नल ही ओळख तयार करताना नावांतील रिकाम्या जागा गाळून टाकतो. माझी ओळ व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती, फक्त ती जगातल्या कोणत्याही यंत्राशी जुळत नव्हती, आणि न जुळणे हा काही अपराध नसल्याने कोणीही मला काहीही सांगितले नाही. म्हणून वाचकांना आग्रहाची सूचना अशी की यंत्राची ओळख हाताने लिहू नये. कर्नल यंत्राची माहिती जेथे मांडतो त्या ‘सिस’ फाइलव्यवस्थेतील डीएमआय या यंत्र-ओळखीच्या विभागात ‘मोडएलियास’ नावाची जी फाइल असते तिच्यातून ती जशीच्या तशी उचलावी आणि नको त्या भागाच्या जागी तारांकन घालावे. विशेषतः बायोसची, म्हणजे फर्मवेअरची, आवृत्ती व तारीख तारांकनाने झाकावी, नाहीतर पुढच्या बायोस-अद्ययावतीनंतर कळ पुन्हा मुकी होते.

आपली फाइल ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरखालच्या यूडेव्हच्या फोल्डरमध्ये, नव्वदसारखा मोठा क्रमांक देऊन ठेवली की ती साठ क्रमांकाच्या मूळ नोंदींवर मात करते. त्यानंतर नोंदवही नव्याने तयार करणे आणि यूडेव्हला ते उपकरण पुन्हा तपासायला लावणे या दोन आज्ञा द्याव्या लागतात. पुष्कळ जण दुसरी विसरतात आणि ‘काही होत नाही’ म्हणून फाइल खोडून टाकतात. नोंद लागू झाली की नाही हे यूडेव्हच्या माहिती देणाऱ्या आज्ञेत त्या उपकरणासमोर दिसते. ही खातरजमा प्रथम करावी, कळ नंतर दाबावी.

नोंदीत कळीला कोणते नाव द्यावे हा आणखी एक गमतीदार भाग आहे. टचपॅड चालू-बंद करण्यासाठी कर्नलकडे स्वतंत्र नाव आहे, तरी नोंदवहीत टचपॅडच्या कळांपुढे एफ२१ का लिहिलेले असते, हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. कारण ऐतिहासिक आहे. पडद्यावरील खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स११ व्यवस्थेत कळ क्रमांक २५५च्या पुढे जाऊ शकत नाही आणि कर्नलच्या क्रमांकात तेथे ८ मिळवले जातात. म्हणजे कर्नलचा २४७पर्यंतचाच क्रमांक पलीकडे पोहोचतो. टचपॅडच्या स्वतंत्र नावाचा क्रमांक ५३० आहे. मायक्रोफोन बंद करण्याच्या कळीचा तर २४८, अवघ्या एका आकड्याने हुकलेला! म्हणून प्रत्यक्ष कीबोर्डवर सहसा नसणाऱ्या एफ२० ते एफ२३ या कळा उसन्या घेतल्या गेल्या : एफ२० मायक्रोफोनसाठी, एफ२१ टचपॅडसाठी. एक्स११च्या जागी आलेल्या वेलँडवर ही मर्यादा उरलेली नाही, तरी कीबोर्ड-मांडणीच्या तक्त्यांत हा करार टिकून आहे. मी एफ२१ लिहिले आणि कळ चालली. पण एकदाच चालली, आणि पुढे दाबलेलीच राहिली, कारण माझ्या यंत्राचा कंट्रोलर ती कळ सोडल्याचा संकेत पाठवतच नाही. त्यावरचा उपाय नोंदवहीत तयार आहे : नावाआधी उद्गारचिन्ह लावले की कर्नल कळ सोडल्याचा संकेत स्वतः तयार करतो. असे बारकावे पाहिले की या साधनामागे किती जणांची डोकेदुखी साचली आहे याची कल्पना येते.

एचडब्ल्यूडीबी जेथे हतबल ठरते तो प्रांतही सांगितला पाहिजे. एसीपीआय किंवा डब्ल्यूएमआयच्या वाटेने येणारे संकेत त्या त्या कंपनीसाठी लिहिलेला ड्रायव्हर आधी वाचतो, आणि जो आकडा त्याच्या यादीतच नाही तो पुढे जात नाही. नोंदवही यादीतील नाव बदलू शकते, बहुधा नवा आकडा घालू शकत नाही. अशा वेळी कर्नलच्या नोंदीत डेल, एसुस यांच्या ड्रायव्हरांकडून ‘अनोळखी कळ’ अशी, तर थिंकपॅडच्या ड्रायव्हरकडून ‘न हाताळलेला हॉटकी-संकेत’ अशी ओळ येते. थिंकपॅडचा ड्रायव्हर तर हा संकेत कोणत्या परिस्थितीत आला ते कळवा अशी विनंतीही लगेच पुढच्या ओळीत करतो. ही विनंती गांभीर्याने घ्यावी. त्या ड्रायव्हरच्या यादीत आज ६०बी० हा आकडा ‘कीबोर्डवर तळहात आला’ आणि ६०बी१ ‘तळहात दूर झाला’ या अर्थाने नोंदलेला आहे. ६०सी० म्हणजे टॅब्लेट-स्थितीत बदल, ६०६० म्हणजे एफएन व एस्केप एकत्र, ६०४० म्हणजे चार्जर जोडला किंवा काढला. यांतले पुष्कळसे ‘कळ’ नाहीतच. अनोळखी आकडा दिसला की तो बिघाड समजून घाबरण्यापेक्षा त्या क्षणी आपण काय केले, म्हणजे हात कोठे होता, झाकण किती अंशात होते, चार्जर लावला की काढला, हे लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हवे असते ते हेच.

आता उलटा पडदा. येथे आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी हे साधन येते. बास्तिएन नोसेरा यांनी लिहिलेला हा छोटा पार्श्वकार्यक्रम कर्नलच्या आयआयओ या सेन्सर-विभागातून प्रवेगमापकाचे (यंत्र कसे धरले आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरचे) आकडे वाचतो आणि डेस्कटॉपला ‘सरळ’, ‘खाली डोके’, ‘डावी बाजू वर’, ‘उजवी बाजू वर’ असे चार शब्द सांगतो. सोबतची ‘मॉनिटर-सेन्सर’ ही आज्ञा हे शब्द थेट दाखवते, आणि निदानासाठी तिच्याइतकी सोयीची गोष्ट मी क्वचितच पाहिली आहे. यंत्र सरळ धरले, आज्ञेने ‘खाली डोके’ म्हटले. उलटे धरले, ‘सरळ’ म्हटले. चूक इतकी पद्धतशीर असेल तर सेन्सर बिघडलेला नसतो.

तरी मी कच्चे आकडे तपासले. माझ्या यंत्रात बॉशची चिप आहे आणि फर्मवेअर तिची ओळख बीओएससी०२०० अशी देते. ‘सिस’मधील आयआयओच्या फोल्डरमध्ये तिन्ही अक्षांचे आकडे आणि त्यांचा गुणक मिळतो. यंत्र दुमडून टेबलावर आडवे ठेवले तेव्हा झेड अक्षावर साधारण १०२० आकडा आला, त्याला ०.००९६१ या गुणकाने गुणले की ९.८ येतात, आणि हा आकडा शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. गुरुत्वाकर्षण जागेवर होते, चिपही प्रामाणिक होती. फक्त बोर्डावर ती चिप अर्धे वर्तुळ फिरवून बसवली होती, आणि ही गोष्ट लिनक्सला कळेल अशा रीतीने कोठेही लिहून ठेवलेली नव्हती.

यावरचा इलाज पुन्हा एचडब्ल्यूडीबीतच, पण सेन्सरांच्या वेगळ्या फाइलमध्ये. तेथे यंत्राच्या ओळखीखाली तीन गुणिले तीनची सारणी लिहावी लागते. माझ्या बाबतीत एक्स आणि वाय हे दोन्ही अक्ष उलटवायचे आणि झेड तसाच ठेवायचा होता; म्हणून पहिल्या ओळीत उणे एक, शून्य, शून्य; दुसरीत शून्य, उणे एक, शून्य; तिसरीत शून्य, शून्य, एक. अर्धवर्तुळासाठी हे सोपे आहे. चिप पाव वर्तुळ फिरलेली असेल तर एक्स व वाय यांची अदलाबदल होते, चिन्हे चुकतात, आणि मग एकेक शक्यता लिहून यंत्र हातात फिरवत राहावे लागते. घरातल्यांना हे दृश्य फार करमणुकीचे वाटते. सारणी बदलल्यावर यूडेव्हची तपासणी आणि सेन्सर-प्रॉक्सीची सेवा, दोन्ही पुन्हा सुरू कराव्या लागतात. या साधनाविषयी माझी तक्रार इतकीच की सारणी चुकीची आहे की लागूच झालेली नाही, हे ते स्वतःहून वेगळे करून सांगत नाही.

तिसरी तक्रार, अधूनमधून मरणारा कीबोर्ड, सर्वांत भीतिदायक होती आणि ती सुटली मात्र सर्वांत लवकर. यूएसबी कीबोर्ड जोडला तर तो चालत होता, त्यामुळे त्याच्यावरूनच ईव्हटेस्ट उघडले. आभासी बटणांच्या उपकरणासमोर टॅब्लेट-स्थितीचा स्विच ‘१’ दाखवत होता, यंत्र मात्र टेबलावर सरळ उघडे. लिबइनपुट आपले काम चोख करत होते : यंत्र टॅब्लेट झाले असे समजून त्याने अंगचा कीबोर्ड आणि टचपॅड झोपवले होते, बाहेरचा कीबोर्ड तेवढा जागा ठेवला होता. खोटे बोलत होते ते फर्मवेअर. लिबइनपुटला ‘या यंत्राच्या टॅब्लेट-स्विचवर विश्वास ठेवू नकोस’ असे सांगणारी एक ओळ स्थानिक अपवादांच्या फाइलमध्ये लिहिली आणि प्रश्न मिटला. मात्र अशा स्थानिक अपवादांचे स्वरूप पुढच्या आवृत्तीत टिकेलच याची हमी लिबइनपुटचे कर्ते देत नाहीत, हे ध्यानात ठेवून मी त्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवली आहे. ईव्हटेस्टला ‘क्वेरी’ पर्याय देऊन एखाद्या स्विचची स्थिती एका झटक्यात विचारता येते, स्विच चालू असेल तर निर्गमन-क्रमांक (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १० आणि बंद असेल तर ०. मी ती आज्ञा यंत्र सुरू होताना चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये घातली असून फर्मवेअर महिन्यातून किती वेळा खोटे बोलते याची नोंद आता आपोआप होते.

कीडीसारखी कळा बदलून देणारी साधने या कामासाठी घ्यावीत का, असे काही परिचितांनी विचारले. ती चांगली आहेत, एका कळीला दोन कामे देण्यासाठी तर उत्कृष्ट आहेत. पण ती कर्नलने नाव दिलेल्या कळीवरच काम करतात. नावच नसलेली कळ त्यांना दिसत नाही. आधी बारसे, मग बाकीचे संस्कार.

माझ्या कीबोर्डवर आणखी एक अनोळखी कळ होती, कंपनीचे मदतकेंद्र उघडण्यासाठी दिलेली. विंडोजमध्येही ती कोणी दाबत असेल असे मला वाटत नाही. तिला नोंदवहीत ‘कंपोझ’ हे नाव दिले, जे एक्सकेबी या कीबोर्ड-मांडणीच्या तक्त्यात मेनूची कळ म्हणून पोहोचते, आणि मेनू-कळीने मांडणी बदलण्याचा पर्याय चालू केला. हे परीक्षण इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत लिहिताना इंग्रजी आज्ञा तपासून पाहण्यासाठी मी तीच कळ दाबत होतो.